पाच पायऱ्यांची तूट

अमरावतीच्या स्मृतिरोपण केंद्रात नातेवाइकांना शक्यतो एकेकटं भेटायचा नियम होता. त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून डॉक्टर विभावरी इंगोले यांनी दोघींना एकाच टेबलापाशी बसवलं. पेशंटच्या मुलीने, शर्वरीने, आपली खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला नेली.

"या बाईंचं इथे काय काम आहे?" तिने विचारलं.

"त्या पेशंटच्या पत्नी आहेत."

"दुसऱ्या."

मंजिरी हे पाच वर्षं ऐकत आली होती.

हेमंत गोतमारे, वय त्रेसष्ट, बडनेऱ्याच्या रेल्वे कारखान्यातले निवृत्त फोरमन. आठवड्यापूर्वी मेंदूज्वराने त्यांची सगळी स्मृती पुसली गेली होती. शरीर ठीक होतं, डोळे उघडे होते, पण ते कुणाला ओळखत नव्हते. अशा रुग्णांवर आता उपाय होता. दरवर्षी माणसाच्या मेंदूची नक्कल करून ठेवत, तिला 'स्मृतिठसा' म्हणत. मेंदू कोरा झाला, तर नखाएवढ्या जैविक चकतीवर हा ठसा उतरवून ती चकती कवटीत बसवायची. तिला 'मेंदूपट्टी' म्हणत; ती आधीच तयार करून ठेवलेली असे. हेमंतरावांचा शेवटचा ठसा गेल्याच महिन्यात घेतला होता.

"ठसा पट्टीत पूर्ण मावत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे? ठसा एक पेटाबाइटचा आणि पट्टीही एक पेटाबाइटची. कागदावर तेच लिहिलंय," शर्वरी म्हणाली.

"दोन्हीकडे 'एक पेटा' लिहिलंय, पण मापं वेगळी आहेत. संगणक दोनच्या पटीत मोजतो. एकला दोनने दहा वेळा गुणलं की येतात एक हजार चोवीस. हजाराच्या जवळ, म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हटलं. पट्टी बनवणारे मात्र साधे हजार धरतात. किलोला फरक शेकडा अडीचही नाही. पण किलोचा मेगा, मेगाचा गिगा, मग टेरा, मग पेटा. दर पायरीला तो फरक पुन्हा गुणला जातो. पाचव्या पायरीवर ठसा पट्टीपेक्षा शेकडा साडेबाराने मोठा झालाय."

"हे तुम्हाला आज कळतंय?"

"आमची यंत्रणा ठशाचं माप पट्टीच्या मापात बदलते. या वेळी ती पायरी कुणीतरी गाळली. चूक आमची आहे."

"मोठी पट्टी आणा," मंजिरी म्हणाली.

"ती पेशंटच्याच पेशींपासून वाढवावी लागते. आठ महिने लागतात. कोरा मेंदू ठसा स्वीकारतो तो फक्त पहिले नऊ दिवस. आज आठवा आहे."

"मग उरलेलं नंतर घाला."

"एकदा लिहिलेल्या पट्टीवर पुन्हा लिहिलं, तर आधीचंही जातं." डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "ठसा जन्मापासून क्रमाने लिहिलेला असतो. नुसता ओतला, तर शेवटचा शेकडा अकरा भाग बाहेर राहील. गोतमारेंच्या बाबतीत तो शेवटच्या सात वर्षांचा आहे. किंवा दुसरा काही भाग निवडून काढता येईल. त्यासाठी सही लागेल."

मंजिरीने कागद आपल्याकडे ओढला. हेमंतरावांशी तिची ओळखच सहा वर्षांपूर्वीची.

"कारखान्यातली वर्षं काढा," ती घाईने म्हणाली. "छत्तीस वर्षं एकच काम केलं त्यांनी. त्यातलं थोडं गेलं तर काय बिघडणार आहे?"

"माझं लहानपण त्याच वर्षांत आहे, बाई," शर्वरी म्हणाली. "माझी आईसुद्धा. ती खरवडून तुम्हाला जागा करायची का?"

"तसं म्हणाले का मी? फक्त ड्यूटीचे तास..."

"डॉक्टर, सही कुणाची चालते?"

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी पहिला ठसा देताना हेमंतरावांनी मुलीचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या लग्नानंतर ते बदलायचं राहून गेलं होतं. "तुमची."

"मग काहीही काढू नका. जे मावत नाही ते राहू दे."

"शर्वरी," मंजिरी म्हणाली, "मला शिक्षा दे, पण त्यांना अशी देऊ नकोस. त्या सात वर्षांत मी एकटीच नाहीये."

"विचार करा," डॉक्टर म्हणाल्या. "सात वर्षं म्हणजे फक्त एक माणूस नसतो."

शर्वरीने सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेमंतराव उठून बसले. चहा मागितला. त्यांना स्वतःचं नाव, घराचा पत्ता, कारखान्यातला शिपाईसुद्धा आठवत होता. दारात उभ्या मंजिरीकडे पाहून ते म्हणाले, "सिस्टर, जरा खिडकी उघडता का?"

मंजिरीने खिडकी उघडली.

शर्वरी पुढे झाली. "बाबा."

हेमंतरावांनी मान वळवली. त्यांच्या हातातला चहा चादरीवर सांडला.

"तू? तुला आत कुणी सोडलं?"

"बाबा, मी..."

"आज तुझ्या आईचं तेरावं. चार महिने तिचा कर्करोग लपवलास माझ्यापासून! मला तिच्याजवळ बसायचं होतं. ते चार महिने तू चोरलेस. तोंड दाखवू नकोस मला, चालती हो!"

"आईनेच लपवायला सांगितलं होतं, बाबा... आणि तुम्ही मला माफ केलं होतं. तुम्ही स्वतः माझ्या घरी आला होतात."

"मी? तुझ्या घरी?" ते इतक्या मोठ्याने ओरडले की परिचारिका धावत आली.

सात वर्षांपूर्वी त्यांनी नेमके हेच शब्द उच्चारले होते. त्यानंतर दोन वर्षं ते मुलीशी एक शब्दही बोलले नव्हते. मग एका रविवारी ते अचानक तिच्या दारात उभे राहिले होते. का आले, हे शर्वरीने कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला बाहेर आणलं. "तो राग त्यांच्यासाठी आजचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि पट्टीवरची स्मृती फिकी होत नाही. आपला राग काळाने निवतो, तसा तो निवणार नाही. कुणीतरी समजूत घालावी लागेल."

मंजिरी बाकावर बसून पिशवी आवरत होती. शर्वरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या रविवारी... बाबांना तुम्ही पाठवलं होतं?"

"वर्षभर लागलं मला."

"मग आताही सांगा ना त्यांना. तुमचं ते ऐकतील."

मंजिरीने पिशवी खांद्याला लावली.

"माझं?" ती म्हणाली. "मी कोण त्यांची?"