कोणाची डबी?

खोटं वाटेल, म्हणून आधी योगिनीचा फायदा सांगतो. फायद्याशिवाय आमची ही मावसबहीण हळदीकुंकवालाही जात नाही.

तिला सोसायटीच्या महिला मंडळाचं अध्यक्षपद हवं होतं. आणि त्याहून जास्त हवं होतं ते हे, की तिचं माहेर भिंतीपलीकडच्या, ठाण्याच्या जुन्या बाळकुम गावात आहे, हे त्या उंच इमारतींत कोणाला कळू नये. विचारलं की ती दादर सांगायची.

बाकी सगळं घडलं तसंच सांगतोय. गेल्या वर्षीचा डिसेंबर, रविवार, भर दुपार. भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी इथेच थांबावं.

खाडीकाठच्या उद्यानात एक दीपगृह आहे. बिल्डरने बांधलेलं. जहाजांना नव्हे, फ्लॅट घेणाऱ्यांना वाट दाखवायला. दाराला कायम कुलूप.

योगिनीने फोनवर बघून तिथे एक खेळ आणला होता, लेटरबॉक्सिंग. प्रत्येक घराने एका डबीत रबरी शिक्का घालून ती उद्यानात लपवायची. जिला सापडेल तिने तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि डबी परत जागेवर ठेवायची. रंगत यावी म्हणून योगिनीने पदरचा एक नियम घातला. डबी सापडली की ओरडायचं, "कोणाची डबी?" आणि लपवणारीने म्हणायचं, "माझी!"

गावात वाढलेल्या पोरीने असा नियम करावा... माहेर विसरल्याचं सोंग करता करता ती खरंच विसरली होती.

खेळ मस्त रंगला. सगळ्या डब्या सापडल्या. चहाचा थर्मास घेऊन बसली होती योगिनीची नणंद, शालन. विधवा, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायची. घरात तिच्या हातचं सगळ्यांना लागायचं, मत कोणाला लागायचं नाही.

तेवढ्यात दीपगृहाच्या मागून, ओहोटीच्या चिखलातून, सातव्या मजल्यावरची फियोना आली. हातात पत्र्याची डबी. मासळीच्या जाळ्याच्या दोऱ्याने घट्ट बांधलेली.

"कोणाची डबी?" फियोना ओरडली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

योगिनीने ती गाठ पाहिली... आणि ओळखली.

अशी गाठ तिची काकी गोदूबाई मारायची. घरात लागलेली पीडा डबीत बांधायची आणि ओहोटीला सोडायची. ती परत काठाला लागली तर पायाने लोटायची. पण कोणाची, हे तोंडाने विचारायचं नाही. विचारलं की ती मालक शोधते.

"टाक ती," एवढंच म्हणायचं होतं. पण मग का टाक, तेही सांगावं लागलं असतं. दादरला कुठली आलीय ओहोटीची डबी?

योगिनीने वहीतले शिक्के मोजायला घेतले.

"कोणाची गं डबी?" फियोनाने पुन्हा हाक दिली.

चिखलातले बगळे एकदम उडाले. पाण्याची चुळचुळ थांबली.

आणि कुलूपबंद दीपगृहाच्या आतून... बारीक आवाज आला.

"कोणाची...?"

बायका हसल्या. म्हणाल्या, काय घुमतंय बघा.

पण घुमून आलेला आवाज लहान मुलाचा कसा होईल?

"आयोजकबाईंच्या खेळात बेवारस डबी निघाली," फियोनाने टोमणा मारला. "अध्यक्ष झाल्यावर काय करणारेस गं तू?" पुन्हा हशा. योगिनीचा चेहरा उतरलेला शालनने पाहिला. वहिनीची लाज राखावी, एवढाच विचार तिच्या मनात आला असेल.

"माझी गं ती," शालन म्हणाली.

तिने डबी मांडीवर घेऊन उघडली. आत तान्ह्या बाळाचं अंगडं. डबी चिखलाने लडबडलेली... पण अंगडं कोरडं.

आणि ऊबदार.

त्या दिवसापासून शालन स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलू लागली. बोलायची... थांबायची... मग हसायची.

सकाळी तिच्या अंथरुणाची एकच कड ओली असायची. खाऱ्या वासाची.

ती झपाट्याने वाळली. प्रफुल्लने, म्हणजे तिच्या भावाने, ठाण्यातले मोठे डॉक्टर केले. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. ताटात वाढलेलं संपायचं, पण शालन जेवताना दिसायची नाही.

शेवटी योगिनी लपतछपत भिंतीपलीकडे गेली. गोदूबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तिनी माजी म्हनलान ना? मंग तिचीच झाली."

"काही उपाय नाही का काकी?"

"हाय ना. दुसऱ्या कुनी तिच्यासमोर माजी म्हनायचा." म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं. "तुला ठाव व्हता, तरी तू गप ऱ्हायलीस. आथा तरी बोल."

योगिनी घरी आली. वाटेत तिने शब्द घोकला. माझी. दोनच अक्षरं.

शालन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मांडी घातलेली, हात कोणाला तरी थोपटावं तसे हलत होते. मांडीवर काहीच नव्हतं.

पण साडी मधोमध खोल दबलेली होती.

शालनने वर पाहिलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते. "योगिनी, हे मला सारखं विचारतं गं. आता मला उत्तर देववत नाही. तूच सांग त्याला."

फ्रिज बंद पडल्यासारखी शांतता पसरली...

"कोणाची...?"

आवाज मांडीवरून आला. आणि आता तो योगिनीकडे वळला होता.

तिने तोंड उघडलं. तोंडाशी आलेला शब्द तिने गिळला.

"ताईंची," ती म्हणाली.

 शालन नुसती तिच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, असं योगिनी आजही म्हणते.

तीन दिवसांनी शालन गेली. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली, एवढंच आहे. डबी घरात कुठेच सापडली नाही.

योगिनी अध्यक्ष झाली. पण दाराची बेल वाजली की ती "कोण?" म्हणून विचारत नाही. मुकाट्याने दार उघडते. का, ते मी विचारलेलं नाही. बेल वाजली की मलाही आता तो शब्द तोंडातून काढवत नाही.

ज्यांनी पीडा सोडली, ते सुटले. फियोनाने नुसतं विचारलं, तीही सुटली. जिला ठाऊक होतं, तिला खुर्ची मिळाली. आणि भरलं कोणी? जिचं त्यात काहीच नव्हतं, तिने.