सुगंधाताईंना वगळून

ऋत्विज गोरक्षकर प्रयोगशाळेत शिरला तोच हात जोडून. समोर कुणी नव्हतं, तरी. सहा वर्षांपूर्वी त्याने कोकणातल्या आंबेशेत गावात 'ऊनघर' नावाचा सामाजिक उद्योग काढला. म्हणजे काय, तर सौर पेट्यांत आमसुलं सुकवायची, पाकिटावर स्वतःचा अनवाणी फोटो छापायचा आणि परदेशात जाऊन गरिबीवर बोलायचं. प्रयोगशाळेत त्याच्यासोबत सुगंधा मांडवकर आली होती, ऊनघरात आमसुलांसाठी रातांबे फोडणाऱ्या बायकांची मुकादम. आज ऊनघराची मोजणी होती. आकडा शून्याच्या वर आला तर निधीवाले आणखी चाळीस गावांत ऊनघर काढणार होते. खाली आला तर गाशा गुंडाळायचा.

"तुम्ही आल्यावर गाव सुधारलं, हे मला सांगू नका," डॉ. विद्युल्लता टिपणीस म्हणाल्या. परिणाममापक यंत्र त्यांनीच बनवलेलं. "सहा वर्षांत काही ना काही झालंच असतं. म्हणून आम्ही संगणकात प्रतिगाव उभारतो. तीच माणसं, तेच स्वभाव, तोच पाऊस. फक्त तुम्ही तिथे आलाच नाहीत. खऱ्या गावातून प्रतिगाव वजा केलं की उरतो तो तुमचा परिणाम."

"वा! किती पारदर्शक!" ऋत्विज म्हणाला. त्याला सगळंच पारदर्शक वाटत असे.

आकडा आला. उणे एकतीस.

भिंतीवर प्रतिगाव दिसू लागलं. तिथे बायकांची स्वतःची शेड होती, स्वतःच्या पेट्या होत्या आणि व्यापाऱ्याशी फोनवर हुज्जत घालत होती ती सुगंधा.

"अगो बाय! ही मी?" सुगंधा पुढे सरकली. "ती पेटी जवळून दाखवा बघू. एसटीच्या भंगारातल्या खिडक्या बसवल्यात! हे तर माझ्या डोक्यात होतं की. सर तयार पेट्या घेऊन आले, नि राहूनच गेलं."

"यंत्र चुकलंय!" ऋत्विज लालबुंद झाला. "ताई अपवाद आहेत हो. अशी बाई गावोगाव असते का? एका बाईपायी सगळी मोजणी बिघडते. त्यांना वगळा."

व्यासपीठावर जिला 'माझी गुरू' म्हणून वाकून नमस्कार करायचा, तिला काढून टाकायला या गृहस्थाला अर्धं मिनिटही लागलं नाही. लाज म्हणून नाही मेल्याला!

"वगळता येईल," टिपणीसबाई थंडपणे म्हणाल्या. "मात्र तसं लिहून सही द्या. अहवाल निधीवाल्यांकडे जातो."

त्याने वाचलंसुद्धा नाही. झोकदार सही ठोकली.

प्रतिगावातून सुगंधा गेली. शेड गेली, पेट्या गेल्या. अंगणातल्या आमसुलांना बुरशी आली आणि बायका कामासाठी चिपळूणला निघाल्या. नवा आकडा आला, अधिक चव्वेचाळीस. ऋत्विजने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

सुगंधाने पदर खोचला. "येते मी, बाई."

"अहो ताई, कुठे निघालात?"

"मला काढलंत ना?"

"फक्त संगणकातून हो!"

"मग आता खरोखरचं काढा. बायकांना सांगते, उद्यापासून आपलं आपण करायचं."

ती गेलीसुद्धा. ऋत्विज टिपणीसबाईंकडे वळला. "मॅडम, तुम्ही तरी समजवा त्यांना! निधीवाल्यांना कळलं तर काय म्हणतील?"

"कळलंय त्यांना. दोन्ही आकडे मी आत्ताच पाठवले," बाई म्हणाल्या. "पहिल्या प्रतिगावात त्या होत्या, तुम्ही नव्हतात. दुसऱ्यात दोघंही नव्हतात. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो एकट्या ताईंचा परिणाम. एवढी वजाबाकी त्यांना येते."