मर्डोच्या छातीवरचं मीठ

दिवा जरा इकडे सरकव, आंपारो. वीज जाऊन तास झाला, आता कसली येते! परवा तू विचारलंस ना, गॅव्हिन हल्ली दिसत नाही म्हणून? सांगते. पण मध्येच उठून जायचं नाही, आणि जेवून आली असशील तर तुझं तू बघ.

सुरुवात अगदी साधी होती. नोव्हेंबरातली दुपार, आणि मी मर्डोकडे सूप घेऊन निघाले होते. मर्डो निकल्सन. बंदरामागच्या गल्लीत तळमजल्यावर राहायचा, भर उन्हाळ्यातही निळा लोकरीचा स्वेटर घालणारा म्हातारा. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली, छाती खराब झाली, डॉक्टरांनी ऊन सांगितलं म्हणून नाइलाजाने इथे स्पेनला आला. आमच्या सगळ्या स्कॉटिश कंपूत बेटावरचा असा तो एकटाच. हॅरिस बेटाचा. गेलिक त्याची मायबोली.

बाकीचे आम्ही कोण? गॅव्हिनचं स्कॉटलंडात, मदरवेलला गालिच्यांचं दुकान होतं. तिकडे असताना चौकड्यांचा किल्ट, पुरुषांचा तो घागरा, त्याने एकदाच घातला, आमच्या लग्नात, तोही भाड्याचा. इथे आला आणि रोज सुरू झालं. मासे आणायला किल्ट, दात काढायला किल्ट. ती जाड लोकर उन्हाळ्यात घामाने थबथबायची, आणि तिचा तो आंबूस वास… शी! धुवायची मीच ना. पावसात गुडघे दुखतात म्हणून गेल्या अकरा वर्षांत माणूस तिकडे फिरकला नाही, आणि आमच्या स्कॉटिश क्लबात दोन पेग झाले की मायभूमीच्या नावाने गळा काढायचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच.

प्रत्येक कार्यक्रमाला क्लबातले लोक मर्डोला धरून न्यायचे. "गेलिकमध्ये काहीतरी बोला ना," म्हणायचे. तो बिचारा दोन वाक्यं बोलायचा, आणि एक अक्षर न कळता हे सगळे डोळे पुसत टाळ्या वाजवायचे.

"नवऱ्याला सांग, पोरी," मर्डो मला म्हणाला होता, "मी जत्रेतलं अस्वल नाही म्हणावं."

तर त्या दुपारी सूप त्याच्या घशाखाली उतरेना. चमचा तोंडाशी नेला की ओघळून हनुवटीवर यायचं. मी पुसत होते. त्याने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा.

"मला त्या भिंतीत घालू नका."

राग मानू नकोस, आंपारो. तुझे आईवडील दफनभूमीतल्या त्या भिंतीत आहेत, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण आमच्याकडे माणूस मातीत जातो. कपाटाच्या खणात मोजे ठेवावेत तसं माणसाला सरकवून वर सिमेंट फासायचं, हे त्याला सहनच होत नव्हतं.

"माती हवी मला," तो म्हणाला. "आमच्या दारापुढची. पेगी करेल सगळं. तू फक्त पाठव."

"पाठवते."

"शब्द दे."

दिला. मी काय देणार दुसरं?

तो गेला आणि मी त्याच्या बहिणीला, पेगीला, फोन केला. चौऱ्याऐंशीची म्हातारी, त्या घरात एकटी. रडली नाही. म्हणाली, आईच्या शेजारी जागा ठेवलेय. मी गॅव्हिनला सांगायला क्लबात गेले, तर हा भिंतीतल्या मर्डोच्या खणावरच्या पाटीचा मजकूर ठरवत बसलेला.

"पाठवायचं? कुठे पाठवायचं?" तो म्हणाला. "आपल्यातला एकमेव अस्सल माणूस! तो इथेच राहील. दर वर्षी संत अँड्र्यूच्या दिवशी त्याच्यापुढे बॅगपाइप वाजवू."

"तो माणूस आहे की तुमचा करंडक?"

"ईशी, तू मला देश शिकवू नकोस. लापशीत साखर घालणारी बाई तू!"

हे एक माझं महापाप. ओटच्या लापशीत खरा स्कॉटिश माणूस मीठ घालतो, फक्त मीठ. मी लहानपणापासून साखर घालते, आणि त्यावरून अठरा वर्षं टोमणे खाल्लेत. क्लबची चिटणीस नेटा कारगिल तर माझी वाटी वेगळी ठेवायची, विटाळ झाल्यासारखी.

मी नगरपालिकेत धावले. तिथे गॅव्हिनने सर्वांत जवळचा माणूस म्हणून आधीच सही ठोकलेली. जवळचा म्हणे! पेगीला परत फोन करून सगळं सांगितलं.

"मग निदान एवढं कर," ती म्हणाली. "त्याच्या छातीवर मिठाची बशी ठेव. त्याच्या डब्यात असेल, मीच आटवलेलं, आमच्या खाडीचं. त्याला भिंतीत घातलं की ते मीठ समुद्रात टाक. कुणाच्या तोंडाला लागू देऊ नकोस."

"लागलं तर?"

"त्यात जे उतरतं ते त्याचं असतं, पोरी. दुसऱ्याचं नव्हे."

मी जाऊन हे सांगितलं आणि गॅव्हिनची कळी खुलली. असली जुनी रीत! क्लबच्या हॉलमध्ये पेटी मांडली, बशी ठेवली, फोटो काढले. डगी लेंगने पाइप वाजवले, तेही बेसूर. हॉल कोंदट, खिडक्या बंद, लिलीच्या फुलांचा उग्र वास, आणि त्या वासाखालून दुसरा एक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बशीत पाहिलं. पांढरं स्वच्छ मीठ होतं ते करडं, ओलं झालं होतं, आणि बेडक्यासारखे त्याचे गोळे झाले होते. त्याला न्यायची घाई झाली, मी भिंतीशी उभी राहिले, सिमेंट लावताना पाहिलं, आणि परत आले तर बशी धुऊन पालथी घातलेली.

"मीठ?" मी विचारलं.

"लावलं मार्गी," नेटा म्हणाली. मला वाटलं, चला, एवढं तरी नीट झालं.

चार दिवसांनी संत अँड्र्यूचा, आमच्या देशाच्या संताचा दिवस. सकाळी क्लबात लापशी असते. या खेपेला सहाच जण जेवायला बसले, गॅव्हिन, नेटा, डगी आणि आणखी तिघे. मी वाढत होते. पहिला घास घेतला आणि सगळे एकदम गप्प झाले. नेहमी किती कलकलाट! आता फक्त चमचे वाजत होते. डगीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हीच," तो म्हणाला. "हीच ती चव…"

"घर," नेटा म्हणाली. तोंड भरलेलं होतं, लापशी ओठांच्या कडेने खाली येत होती, तिला भान नव्हतं.

मी आपली साखर शोधायला आत गेले. ओट्यावर मर्डोचा डबा उघडा होता. आत ते करडं, ओलं मीठ. गोळ्यात निळ्या लोकरीचा एक धागा अडकलेला, आणि छातीवरचा एक पांढरा केस.

आंपारो, मी ओरडतच बाहेर आले. "थुंका! थुंका ते! प्रेतावरचं मीठ आहे!"

एकाने तरी थुंकावं? गॅव्हिनने शांतपणे चमचा चाटला.

"ठाऊक आहे. मीच ठेवलं," तो म्हणाला. "आपल्या समुद्राचं मीठ, ईशी. ते काय इथल्या गटारात ओतायचं? बशी शर्टावर होती, अंगाला कुठे लागली!"

"अरे, लाज…"

"अठरा वर्षांत अशी लापशी खाल्ली नाही," तो म्हणाला, आणि वाटी पुढे केली. "अजून वाढ."

मी वाढली नाही. नेटाने वाढली. मी अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली जाऊन पोटातलं सगळं ओकून टाकलं.

पुढच्या आठवड्यात गॅव्हिनची अंगठी बोटात रुतली. सूज म्हणावी तर ठणका नाही. कातडी पांढरट, गार, दाबली की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. झोपेत त्याच्या तोंडातून पाणी गळायचं. लाळ नव्हे गं, पाणी. खारट. उशी पिळून वाळत घालावी लागायची, आणि वाळली की तिच्यावर मिठाचा पापुद्रा. खोलीभर शेवाळाचा नि, बेटावर चुलीत माती जाळतात ना, तिचा वास. मी त्याच्या शेजारी झोपायचं सोडलं. नवरा असला म्हणून काय झालं, किळस ती किळस.

मग तो बोलायला लागला. गेलिक. ज्याला गेलिकमध्ये पाणी मागता येत नव्हतं तो मदरवेलचा गालिचेवाला घडाघडा बोलायचा, आणि आवाज मात्र गॅव्हिनचाच. बाजारात नेटा भेटली. तिचीही मान सुजलेली. संत्र्याची फोड तोंडात घालून तिने थुंकली.

"कुजकी लागतात गं सगळी," ती म्हणाली. "इथलं सगळंच."

त्यानंतर दर दुपारी ते सहाही जण धक्क्यावर उभे दिसायचे. उत्तरेकडे तोंड करून, ओळीने, एकमेकांशी न बोलता. हनुवट्या ओल्या. तुमचे कोळी तिथून जाताना क्रुसाची खूण करायचे, तूच मला सांगितलं होतंस.

"गॅव्हिन, घरी चल," मी एकदा त्याचा हात धरला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. सभ्यपणे. दुकानात परकं गिऱ्हाईक यावं तसं.

"घरीच निघालोय, पोरी," तो म्हणाला.

अठरा वर्षं इथे आणि त्याआधीची बावीस, त्याने मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो निघून गेला. किल्ट खुर्चीवर टाकलेला होता, तो तसाच राहिला. नेटाचं घर बंद, डगीचं बंद. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. जागले बरं सगळे! पण माझं सगळं लक्ष मर्डोपाशी होतं. त्याला तिथे पोचवायचं मी कबूल केलं होतं, आणि तो सिमेंटमागे. मी पुन्हा नगरपालिकेत गेले. पाच वर्षं भिंत उघडता येत नाही म्हणाले.

मग काल संध्याकाळी पेगीचा फोन आला. हा दिवा तेव्हाही लागलेला होता, वीज कालही गेली होती ना.

"तू शब्द पाळलास, पोरी," ती म्हणाली. आवाज आनंदाने कापत होता. "मर्डो आला."

"कोण आला?"

"चेहरे परके आहेत गं, सहा आहेत, एक तर बाई आहे… पण आई किल्ली कुठल्या दगडाखाली ठेवायची ते सहाही जणांना ठाऊक. मला लहानपणच्या नावाने हाक मारली. ते नाव मर्डोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी खोटं कशाला म्हणू? सगळे चुलीपाशी बसलेत. नुसते खातायत."

मला ऐकू येत होतं. चमचे वाजत होते, मचमच चालली होती, आणि मध्येच गॅव्हिनचा तृप्त हुंकार. मर्डोचं घर या लोकांनी आधी इथे वाटीतून खाल्लं, आता तिथे जाऊन त्याच्याच टेबलाशी बसून खात होते.

"पेगी," मी म्हटलं, "ते मर्डो नाहीत. त्यांना बाहेर काढा."

ती अगदी हळू बोलू लागली.

"तेच विचारायला फोन केला. अंधार पडल्यापासून दाराबाहेर आणखी एक जण उभा आहे. अंगावरून पाणी ठिबकतंय त्याच्या… दार वाजवत नाही. नुसता हात फिरवतोय दारावर. मी विचारलं कोण, तर कसल्यातरी परक्या भाषेत बोलतोय. आतले म्हणतात, उघडू नकोस, घरातली सगळी माणसं घरात आहेत. तू तिकडे इतकी वर्षं राहिलीस… तुला कळतंय का बघ."

तिने फोन दाराला लावला असावा. आधी वारा ऐकू आला. मग लाकडावरून ओला हात फिरल्याचा आवाज. मग तो.

आंपारो, आवाज मर्डोचा होता. मर्डोला तुमच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. पाव घ्यायचा तर बोट दाखवायचा. आणि आता तो स्वच्छ स्पॅनिश बोलत होता, या गावात जन्मल्यासारखं, तू बोलतेस अगदी तसं. गेलिकमधलं त्याच्यापाशी काही उरलंच नव्हतं.

"माफ करा बाई," तो फार नम्रपणे म्हणत होता. "या घरात मला कुठल्या नावाने हाक मारायचे, तेवढं सांगाल का?"

"काय म्हणतोय गं?" पेगी विचारत होती. "कोण आहे तो? …पोरी? दार उघडू का?"