आंजीच्या शिवारातला सहावा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी प्रेमदास आपल्या आतेबहिणीला, कोकिळाबाईंना घेऊन वर्ध्याहून आंजीला निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, एक कांदा, ताईच्या बीपीच्या गोळ्या आणि एक वही होती. वही कशाला, असं कोकिळाबाईंनी विचारलं. नोंद ठेवायला, तो म्हणाला. एकतीस वर्षं तारघरात काढलेला माणूस. हा स्वर्गात गेला तरी आधी दारावरची वेळ टिपून घेईल, असं त्याची बायको म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

काम ऐकायला सरळ होतं. १९४४च्या उन्हाळ्यात, महायुद्ध चालू असताना, एक लष्करी विमान आंजीच्या शिवारात कोसळलं. आत सहा जण होते. पाच जणांची प्रेतं मिळाली. सहावा, वायरलेसवर बसणारा श्रावण, मिळालाच नाही. तो कोकिळाबाईंचा बाप. त्या तेव्हा आईच्या पोटात होत्या. लष्कराच्या कागदावर 'बेपत्ता' एवढाच शब्द होता, पण लोकांनी पुढचं आपल्या मनाने लिहून टाकलं: छत्री उघडून उडी मारली आणि पळाला. पंचफुलाआत्याने, म्हणजे कोकिळाबाईंच्या आईने, मरेपर्यंत हातातल्या बांगड्या उतरवल्या नाहीत, आणि कोकिळाबाई शाळेत 'पळपुट्याची पोरगी' म्हणून वाढल्या. आता एक्क्याऐंशी वर्षांनी त्या वावरात स्मारकाचा दगड बसणार होता. त्यावर नावं पाच. समितीचे साहेब बोलायला सभ्य होते. म्हणाले, पुरावा आणा, सहावं नाव आनंदाने कोरू. अनावरणाला नऊ दिवस उरले होते.

वावर भैय्याजींचं. सत्तरीचा, लांब हातापायांचा, बोलका माणूस. त्यांच्या आजोबांनीच ती पाच माणसं जळत्या पत्र्यांतून ओढून काढली होती. छत्री कुणी पाहिली होती का, एवढंच कोकिळाबाईंना विचारायचं होतं. भैय्याजी म्हणाले, आजोबांनी छत्रीचं नाव कधी काढलं नाही. पण बसा, आज सण आहे, आधी घागरी भरू द्या.

आखाजीला आपल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात, हे काही नवं नव्हतं. भैय्याजींच्या घरी मात्र स्वतःच्या वाडवडिलांच्या घागरी झाल्या की आणखी पाच भरल्या जायच्या आणि वावरातल्या कडुनिंबाखाली ठेवल्या जायच्या. ती पाच पोरं परमुलखात, आपल्या मातीत मेली, त्यांना पाणी कोण देणार, असं आजोबा म्हणाले होते. पुढे लष्कराने त्यांच्या कबरी हलवल्या तरी घागरी हलल्या नाहीत. कोकिळाबाईंच्या घरी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आखाजी बंद होती. त्या नुसत्या सावलीत बसून पाहत राहिल्या.

ऊन असं होतं की जमिनीला हातहातभर खोल भेगा पडल्या होत्या. वारा अजिबात नव्हता. निकेशने, म्हणजे भैय्याजींच्या मुलाने, पाचवी घागर ठेवली, बाप-लेकांनी हात जोडले, आणि भैय्याजी हलक्या आवाजात म्हणाले, "पाहा आता. पिऊन राह्यले."

पाचही घागरींतलं पाणी थरथरत होतं.

प्रेमदासने आधी रस्त्याकडे पाहिलं. ट्रक नव्हता. रेल्वे तिथून कोसभर तरी लांब. निकेशला त्याने बोअरची मोटर बंद आहे का ते पाहायला पाठवलं. वीज पहाटेपासूनच नव्हती. हे दरवर्षी होतं का? भैय्याजी म्हणाले, दरवर्षी. घागरी भरल्या की सुरू, आटल्या की बंद. आत्मे पाणी पितात, त्यात विचारायचं काय? एक्क्याऐंशी वर्षं त्या घराने पाणी थरथरलं की हात जोडले होते, आणि हात जोडताना डोळे मिटले होते.

प्रेमदासने डोळे मिटले नाहीत. तो घागरीजवळ उकिडवा बसला आणि तिच्या पोटाला तळहात लावला. मग बराच वेळ तो हललाच नाही. कोकिळाबाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी कांदा काढला.

"ताई, थांब," तो म्हणाला. "वही दे."

थरथर सलग नव्हती. लहान, लहान, लांब. थांबा. लांब, लहान. त्याचे गुडघे दुखत होते, कानाने आताशा कमी ऐकू यायचं, पण तारेच्या या मोर्स भाषेला त्याला कान लागत नव्हते. पेन्सिल आपोआप चालत होती. इंग्रजी अक्षरं, एकाखाली एक. पाच मिनिटांनी मजकूर संपला, अर्धं मिनिट पाणी स्तब्ध राहिलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झालं. त्याने तीनदा उतरवून घेतला. तिन्ही वेळा तोच.

पाठवणाऱ्याच्या हाताला घाई नव्हती. चांगला, शिकलेला हात होता.

प्रेमदासने मराठी करून वाचून दाखवलं. "सहाही जण विमानात. इंजिनं बंद. शेतात उतरतो आहोत. उत्तर द्या."

भैय्याजींनी जोडलेले हात हळूहळू सोडले.

"सहाही?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"सहाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग खाली ठेवला, आणि एकदम हिशोबी बाईसारखं बोलल्या, "मंग उत्तर दे त्याले. काऊन बसला तसा?"

प्रेमदास नाही म्हणाला. तारघरात एक नियम होता: समोरून 'मिळालं' येईपर्यंत पाठवणारा खुर्ची सोडत नसे. घरात मयत असो की पोटात दुखत असो. उत्तर मिळालं की उठायचं. "आता उत्तर देलं तर तो उठून जाईन, ताई. मंग कुठी शोधू त्याले? घागरीतल्या पाण्यावरून समिती नाव कोरत नाई." हे बोलताना त्याला आपण फार निर्दय आहोत असं वाटलं, आणि होताच तो थोडा.

मग त्याने जे केलं ते कुठल्याही सर्व्हेवाल्याने केलं असतं. पाच घागरी पाच दिशांना, पन्नास पन्नास पावलांवर ठेवल्या. प्रत्येकीला तळहात लावला. उत्तरेकडची सगळ्यांत जोरात होती. बाकीच्या चार तिच्याभोवती आणल्या. पुन्हा पाहिलं. निकेश घागरी उचलून उचलून घामाघूम झाला. पण त्याच्याही अंगात आता काहीतरी संचारलं होतं, तो आपणहून पळत होता. तीन वाजता पाचही घागरी जुन्या नाल्याच्या काठी, एका खाटेएवढ्या जागेत येऊन थांबल्या. तिथे पाणी काठावरून उडत होतं.

भैय्याजींना आठवलं. त्या साली अवकाळी पाऊस झाला होता आणि इथे गाळाचा डोह होता, असं आजोबा सांगायचे. पुढे नाला सरकला, डोह भरला, वर काळी माती चढली. विमानाचा एखादा तुकडा त्यात गेला असता तर कुणाला दिसला असता?

परवानगीचा प्रश्न निघाला. अर्ज, पंचनामा, नऊ दिवस. भैय्याजी उठले आणि धोतर झटकलं.

"वावर माह्यं हाये. मले इथी विहीर खोदाची हाये. निकेश, जेसीबी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र लागलं. घागरी रात्रभर तिथेच, भरलेल्या ठेवल्या होत्या. प्रेमदास त्यांच्याजवळ बसून होता आणि मजकूर चालूच होता, न चुकता, न दमता. आठ फुटांवर पत्रा लागला. निकेशने यंत्र बंद केलं, आणि फावडं घेऊन तो खाली उतरला. अकराव्या फुटाला एक लोखंडी खुर्ची दिसली.

खुर्चीत माणूस होता. पट्टा बांधलेला. पाठीवरची छत्री पाठीवरच, घडीची घडी.

गळ्यातल्या बिल्ल्यावरची माती निकेशने अंगठ्याने पुसली आणि वर हात करून दिला. प्रेमदासने चष्मा कपाळावर चढवून अक्षरं वाचली. नंबर. मग नाव. श्रावण.

कोकिळाबाई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. ऐंशी वर्षांची म्हातारी, पण त्या क्षणी त्या इतक्या ताठ उभ्या होत्या की भैय्याजींनी आधाराला पुढे केलेला हात मागे घेतला.

"पळाले नाई," त्या म्हणाल्या.

"नाई, ताई. जागेवर हायेत."

मग प्रेमदासने त्यांना घागरीजवळ बसवलं आणि हातात स्टीलचा चमचा दिला. एक टिचकी. एक लांब घासणं. एक टिचकी. एवढंच. याचा अर्थ 'मिळालं'. त्याने स्वतःच्या गुडघ्यावर दोनदा करून दाखवलं. मजकूर संपेपर्यंत थांबायचं, मध्येच बोलायचं नाही.

पाणी थरथरत होतं. थरथरत होतं. शेवटचं अक्षर आलं.

पाणी स्तब्ध झालं.

"आता."

टिचकी. घासणं. टिचकी.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. खाली खड्ड्यात निकेश श्वास रोखून, खुर्चीकडे पाठ करून उभा होता.

मग पाण्यावर एकच लहान थरथर आली. पुन्हा एक. काम संपल्यावर एक तारवाला दुसऱ्याला करतो तो रामराम. प्रेमदासला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

त्यानंतर घागरी नुसत्या घागरी झाल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते कुणाला नीट आठवत नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, विहिरीच्या गोष्टीवर फौजदार मिशीत हसला आणि तशीच लिहून घेतली. सभ्य साहेबांनी कोकिळाबाईंच्या घरी येऊन, जोडे बाहेर काढून, हात जोडून माफी मागितली. पाथरवटाने दोन रात्री जागून सहावं नाव कोरलं. ते पहिलं नाही, शेवटचं नाही, मधोमध, जिथे विमानात त्याची जागा होती.

अनावरणाला आंजी लोटली. वर्ध्याहून, पुलगावहून, नाचणगावहून माणसं आली. ज्यांच्या बापजाद्यांनी 'पळपुट्या' म्हटलं होतं तेही आले, आणि कोकिळाबाईंनी त्यांना ओळखूनही नमस्कार केला. निळे झेंडे होते, तिरंगा होता, ताशे होते. जवानांनी बंदुका झाडल्या तेव्हा कडुनिंबावरचे सगळे बगळे एकदम उडाले. दगडावरचा कपडा कोकिळाबाईंनी ओढला. प्रेमदास रडला आणि लपवलं नाही. असा दिवस आपल्या घराण्यात पुन्हा येणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि तो पुरेपूर जगून घेत होता.

जेवणावळी उठल्यावर साहेबांनी दोघांना बाजूला घेतलं. खुर्चीसमोर सापडलेली एक वस्तू त्यांनी कापसात गुंडाळून आणली होती: संदेश ठोकायची पितळी कळ. हाडाची बोटं तिच्यावरच होती, ते म्हणाले. तुमच्याकडे राहू द्या. एक गोष्ट मात्र त्यांना समजत नव्हती. विमान कोरं होतं, कागदाप्रमाणे ती त्याची तिसरीच फेरी. कळही कोरीच असायला हवी.

कळीच्या जाड काळ्या बोंडाला मधोमध खळगा पडला होता. प्रेमदासने तारघरात तीस वर्षं रोज ठोकलेली कळ पाहिली होती. बोंडावर फार तर चकाकी येते.

कोकिळाबाईंनी खळग्यात बोट ठेवलं. ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.