पारखीचा दर

सकाळी सव्वासात वाजता हेळवाकच्या स्टँडवर रत्नमाला शेडगेंची पांढरी व्हॅन उभी असे आणि तिच्यात आठ माणसं इतकी निमूट बसलेली असत की परक्याला वाटावं, कुणाच्या मयताला निघालीत. तसं काही नव्हतं. आठही जणांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा कराडला जाऊन, चार तास यंत्राला जोडून घेऊन त्यांना रक्त धुऊन आणावं लागे. एक फेरी चुकली की पाय सुजत, दुसरी चुकली की दम लागे. लागोपाठ तिसरी चुकवण्याचं धाडस अजून कुणी केलं नव्हतं.

दस्तगीर मुल्ला, म्हणजे सगळ्यांचे दस्तगीरचाचा, चालकाच्या जागेवर बसत. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला टेकवत आणि मग आरशाखालच्या काळ्या डबीकडे चार सेकंद टक लावून बघत. त्या डबीला लोक पारखी म्हणत. विमा कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, ते कुणाला पाठ नव्हतं.

पूर्वी गाडीचा विमा वर्षातून एकदा उतरवत. समोरच्याला लागलं तर त्याला भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा, आपल्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा, प्रवाशांचा आणखी वेगळा. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबला की वर्षभर कुणी त्याचं तोंड बघत नसे. आता फेरी-विमा आला होता. चालकाचा चेहरा, त्याची नजर, बोटांची पकड, रस्ता, हवा, ब्रेक असं सगळं तपासून पारखी त्या एका फेरीचा धोका ठरवी आणि दर सांगे. 'एक' म्हणजे नेहमीचा धोका. 'दीड' म्हणजे दीडपट हप्ता. होकाराचं बटण दाबलं की हिरवा दिवा लागे आणि तेव्हाच इंजिन सुरू होई. विम्याशिवाय गाडी जागची हलत नसे. या पद्धतीनं राज्यातले अपघात निम्म्यावर आले होते, हेही खरंच. उगाच कुणाला नावं का ठेवा!

चाचांचा दर वर्षानुवर्षं एक. कधी कधी त्याच्याही खाली. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. जुन्या कागदी पॉलिसी त्यांनी प्लॅस्टिकच्या फायलीत लावून ठेवल्या होत्या, कारण प्रत्येकीवर 'नो क्लेम बोनस' असं छापलेलं होतं. दुसरे लोक मुलांच्या गुणपत्रिका दाखवतात, चाचा पाहुण्यांना ती फाईल दाखवत.

मग एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला, बेंदराच्या म्हणजे बैलांच्या सणाच्या सुमारास, एका सकाळी पारखी म्हणाली, "एक पॉइंट दोन."

"पाऊस असंल वर धरणाकडं," चाचा म्हणाले आणि बटण दाबलं.

पाऊस थांबला, दर थांबला नाही. दिवाळीत दीड झाला, संक्रांतीला एक पॉइंट नऊ. रत्नमालेनं कंपनीला फोन केला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "दराचं अचूक कारण सांगता येत नाही, मॅडम. ते सूत्र कंपनीचं गुपित आहे."

चाचांनी ते फार मनाला लावून घेतलं. डोळे तपासले, मोतीबिंदू काढून घेतला. तंबाखू सोडली. चाळीसच्या वर काटा जाऊ देईनात. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून शिव्या घालत. तरी होळीनंतर पारखीनं सांगितलं, "दोन पॉइंट सहा."

त्या दिवशी व्हॅन कराडहून परतल्यावर रत्नमालेनं त्यांना स्टँडवरच्या खोलीत बोलावलं. घाडगे गुरुजीही मागोमाग आत आले. गुरुजी आठ रुग्णांपैकी एक. प्राथमिक शाळेत त्यांनी रत्नमालेला शिकवलेलं होतं, त्यामुळे खोली तिची असली तरी परवानगी बिरवानगी विचारायची त्यांना सवय नव्हती.

"चाचा, या दरात व्हॅन महिनाभरसुद्धा चालणार नाही," ती म्हणाली. "दुसरा चालक मिळत नाही. बिनचालकाची गाडी आपल्या रस्त्याला लावायची तर पारखी नऊपट सांगते. मी काय करू?"

"ताई, म्या गाडी नीटच चालवतोय की," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "तुमी मागं बसून बघा एकदा. कुटं चुकतोय त्ये तरी सांगा. त्ये डबडं नुसता आकडा फेकतंय, चूक सांगत न्हाई."

मग गुरुजींनी घसा खाकरला. "पारखी चेहरा फक्त सुरुवातीला बघते ना? कंपनीच्या पत्रकात तसंच लिहिलंय. 'प्रारंभी ओळख.' मग सुरुवातीला माझा चेहरा दाखवू. माझं लायसन्स चालू आहे. गावाबाहेरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत मी हळूहळू नेतो. तिथं इंजिन बंद न करता जागा बदलायची."

रत्नमाला बघतच राहिली. "गुरुजी, तुम्ही? कॉपी करताना सापडला म्हणून तुम्ही सरपंचाच्या पोराला वर्गाबाहेर उभं केलं होतंत!"

"चाळीस वर्षं पकडली," गुरुजी म्हणाले. "आता एकदा करून बघतो. नाही केली तर आठ जणांचा निकाल लागेल."

ती नको म्हणाली नाही. हे तिनं पुढे पोलिसांना सांगितलं आणि स्वतःलाही पुष्कळदा सांगितलं.

पुढच्या फेरीला गुरुजी चालकाच्या जागेवर बसले. पारखीनं चार सेकंद त्यांना न्याहाळलं आणि म्हणाली, "शून्य पॉइंट नऊ." व्हॅनमध्ये कित्येक महिन्यांनी हशा पिकला. रुग्णांपैकी पानस्करांची हौसाक्का तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आगं बया! गुरुजींची दोनी मूत्रपिंडं ग्येली, तरी त्यास्नीच पयला नंबर!"

चाचाही हसले. ज्या माणसाला जगण्यासाठी यंत्र लागतं तो या डबीला सुरक्षित वाटतो, मग चाचांमध्ये तिला असं काय दिसत असेल, हा प्रश्न त्या हशात कुणालाच पडला नाही. रत्नमालेलाही नाही. दर उतरला होता, तिला तेवढंच दिसलं.

जाताना गिरणीपाशी जागा बदलायची, येताना कराडला गुरुजींनीच गाडी सुरू करायची आणि शहराबाहेर पुन्हा बदलायची. अशा एकसष्ट फेऱ्या झाल्या. पारखी एकदाही कुरकुरली नाही. प्रत्येक फेरीचा हप्ता कंपनीकडे बिनबोभाट जमा होत होता.

बासष्टावी फेरी बुधवारची. स्वच्छ ऊन पडलेलं होतं आणि पाटणच्या पुढचा तो रस्ता सरळ, रिकामा. व्हॅन हळूहळू डावीकडे कलत गेली, रस्ता सोडून उतारावरून घसरली आणि एका चिंचेवर आदळली.

गुरुजींची मांडी मोडली. चाचांच्या चार बरगड्या गेल्या. बाकीच्यांना मुका मार लागला. हौसाक्का मात्र डाव्या खिडकीशी बसली होती. रुग्णवाहिका येण्याआधी तिनं पाणी मागितलं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातल्यामुळे सहा वर्षं ती दिवसाचं पाणी बाटलीच्या झाकणानं मोजून पीत होती. "भांडंभर द्या," ती शेजारीच पडलेल्या गुरुजींना म्हणाली, "आज मोजू नगासा." गुरुजींनी तिला भांडंभर दिलं. त्यातलं निम्मं तिच्या ओठांवरून खाली ओघळलं.

चाचांना डुलकी लागली, असं सगळा गाव म्हणाला. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. इस्पितळात रत्नमाला त्यांच्या खाटेशी बसली तेव्हा चाचा छताकडे बघत होते.

"ताई, पोराची शपथ घिऊन सांगतो, झोपलो न्हवतो. रस्ता दिसत हुता. हौसाक्का वरडली त्येबी ऐकू आलं. पर डावा हातच न्हवता."

"म्हणजे?"

"हात हुता. माझा न्हवता."

तिला वाटलं, अपराधानं माणूस काहीबाही बरळतो. तिनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि निघून आली.

एकविसाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. हौसाक्काच्या मृत्यूची भरपाई तिच्या मुलांनी मागितली होती, बाकीच्यांचा इस्पितळाचा खर्च होता. सगळे दावे फेटाळले होते. नव्या कायद्यानं चालकाची ओळख लपवली की थर्ड पार्टीसकट कुठलंच संरक्षण उरत नसे. पत्राबरोबर पुरावा म्हणून सहा पानं जोडली होती. रत्नमाला ती उभ्यानंच वाचायला लागली आणि दुसऱ्या पानावर खुर्चीत बसली.

अदलाबदल पारखीला पहिल्याच दिवशी कळली होती. तिला चेहऱ्याची गरजच नव्हती, स्टिअरिंगवरचे हात बदलले की ती ओळखत असे. पुढे चाचांचीही माहिती होती. नोंदवलेल्या चालकाऐवजी जो माणूस गाडी चालवत होता तो किती धोकादायक होता, हे सिद्ध करायला कंपनीनं ती मोठ्या तपशिलानं मांडली होती. डाव्या हाताचा प्रतिसाद उजव्यापेक्षा मागे पडतो. डावीकडच्या वस्तूंवर नजर उशिरा जाते. डावी पापणी अर्धवट मिटते. सर्व लक्षणांचा एकत्रित अर्थ: मेंदूच्या उजव्या भागात गाठ असण्याची शक्यता त्र्याऐंशी टक्के. प्रथम नोंद चौदा महिन्यांपूर्वी.

खाली तारीख होती. बेंदराच्या आदल्या आठवड्यातली. पहिल्यांदा एक पॉइंट दोन आलं होतं तो दिवस.

तिनं फोन लावला. यावेळी देवस्थळी नावाचे एक अधिकारी बोलले. आवाज थकलेला होता, माणूस वाईट वाटत नव्हता.

"तुम्हाला चौदा महिने माहीत होतं," ती म्हणाली.

"यंत्राला माहीत होतं, बाई."

"मी फोन करून कारण विचारलं होतं!"

"आम्ही विमा देतो, रोगनिदान करत नाही. चालकाला गाठ आहे असं आम्ही सांगितलं तर तो वैद्यकीय सल्ला होतो. त्याचा परवाना आमच्याकडे नाही. आणि सांगून ती गाठ निघाली नाही, तर तुम्हीच आमच्यावर खटला भरला असता."

"आणि आता सहा पानं लिहून पाठवलीत ती?"

"तो सल्ला नाही. तो पुरावा आहे."

"मग फसवणूक माहीत असताना एकसष्ट फेऱ्यांचे हप्ते का घेतलेत?"

"दर सांगितला की आमची जबाबदारी संपते," देवस्थळी म्हणाले. "धोका वाढला की आम्ही आकडा वाढवतो. आम्हाला बोलायची तेवढीच मुभा आहे. आम्ही चौदा महिने सांगतच होतो, बाई."

तिला त्यांचा संताप आला. फोन ठेवल्यावर त्याहून जास्त स्वतःचा आला. चाचांनी विचारलं होतं, कुठं चुकतोय ते तरी सांगा. ती एकदाही त्यांच्या मागच्या सीटवर बसली नव्हती. आकडा वाढला तेव्हा तिनं व्हॅनचा विचार केला, पेट्रोलचा केला, कंपनीला फोन केला. चाचांना डॉक्टरकडे न्यावं, हे तिला सुचलं नाही. त्यांनी आपणहून डोळे दाखवले तेव्हासुद्धा तिनं फक्त दुसऱ्या दिवशीचा दर पाहिला होता.

कराडला चाचांच्या डोक्याचा स्कॅन काढला. गाठ लिंबाएवढी होती. डॉक्टर म्हणाले, वर्षापूर्वी ती हरभऱ्याएवढी असेल आणि तेव्हा सहज काढता आली असती. चाचांनी ऐकलं, मान हलवली, आणि विचित्र गोष्ट म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला.

"म्हंजी डुलकी न्हवती," ते म्हणाले. "हौसाक्काच्या पोरास्नी सांगा, ताई. तेवढं सांगा."

दिवाळीनंतर चाचा गेले. त्यांची पॉलिसींची फाईल त्यांच्या बायकोनं रत्नमालेला आणून दिली. ती हातात घेऊन रत्नमाला खोलीत एकटीच खूप रडली.

पण रक्त धुवायचं थांबत नाही. दूध संघानं एक जुनी गाडी दिली. चालक मिळेना, तेव्हा रत्नमाला स्वतः बसली. पहिल्याच सकाळी ती मागे वळून म्हणाली, "आजपासून पारखी जो आकडा सांगेल तो मी मोठ्यानं वाचणार. तो एकटीच्या मनात ठेवणार नाही. आकडा वाढला तर गाडी थांबवायची, आधी डॉक्टर, मग कराड."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. ते कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. डाव्या खिडकीशी एक जागा अजून रिकामी होती.

या जुन्या गाडीतल्या पारखीला आवाज नव्हता, छोट्या काचेवर आकडा उमटे. दर फेरीला चार सेकंद, मग रत्नमालेचा आवाज, "एक." मागून सगळे हुंकार भरत आणि गाडी निघे. शाळेतल्या हजेरीसारखंच ते झालं होतं.

पुढच्या श्रावणातल्या एका सोमवारी पाऊस नव्हता. ब्रेक कालच तपासून आणले होते. रस्ता तोच होता. शनिवारची फेरी दरड कोसळल्यामुळे चुकली होती आणि मागे दोघांना आताच दम लागलेला ऐकू येत होता. एकीचे पाय चपलेत मावत नव्हते, तिनं चपला पिशवीत टाकून आणल्या होत्या. रत्नमालेनं पारखीकडे पाहिलं. चार सेकंद झाले.

१.२

तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. उजवा हात स्टिअरिंगवर होता, डावाही होता. तिनं डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवली. हलत होती. जरा उशिरा हलली का? कराडपर्यंत तास-सव्वातास. डॉक्टर तिथंच. आणि आज गाडी थांबवली तर मागच्या सगळ्यांची ही लागोपाठ दुसरी फेरी चुकणार होती.

"का?" ती काचेला हळूच म्हणाली. काचेवर नेहमीची ओळ आली: दर मान्य असल्यास होकार द्यावा.

तिचं बोट बटणावर गेलं. हिरवा दिवा लागला, इंजिन सुरू झालं.

मागच्या सीटवरून गुरुजींचा आवाज आला. "रत्ना, आज आकडा वाचला नाहीस?"