लोखंड बाहेर ठेवा

धाकटीचे केस पिकले होते, तरी वेधशाळेत सगळे तिला धाकटीच म्हणत. नाव दादाने पाडलेलं, म्हणून तिची हरकत नव्हती. दादा तिचा सख्खा भाऊ आणि तिच्या आधीचा इथला निरीक्षक. आवाराच्या टोकाला असलेली, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या चुंबकमापकाची खोली त्याने स्वतः बांधली होती. लाकडी फळ्या, पितळी स्क्रू, लोखंडाचा एक खिळा म्हणून नाही, कारण लोखंडाने मोजमाप बिघडतं. दाराबाहेर लाकडी ट्रे. किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिना, सगळं त्यात काढून ठेवायचं आणि मगच आत पाय टाकायचा. एका बड्या पाहुण्याला दादाने कमरेचा पट्टा उतरवायला लावला होता आणि तो बिचारा एका हाताने पँट सावरत यंत्रं बघत फिरला होता.

पुढे दादा वेधशाळेच्या मनोऱ्यावरून पडला. मोडलेल्या मांडीत डॉक्टरांनी पोलादी सळई बसवली. एक्स-रेमध्ये ती स्वच्छ दिसायची, चार स्क्रू, त्यातला सर्वांत खालचा वाकडा. तेव्हापासून त्याच्याच खोलीत त्याला मज्जाव झाला आणि मज्जाव करणाराही तोच. लंगडत यायचा, खिडकीपासून बऱ्याच अंतरावर थांबायचा आणि तिथून धाकटीला ओरडून सूचना द्यायचा. एकदा तरी आत बसायचंय, म्हणायचा. ते राहूनच गेलं. दादा वारला तेव्हा सळई मांडीतच होती, ती त्याच्याबरोबर गेली.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी ते सुरू झालं.

धाकटीच्या पडद्यावर दोन रेघा असायच्या. खालची पृथ्वीच्या चुंबकत्वाची. वरची आभाळात उंचावर असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या थराची, उपग्रहाचे संदेश त्या थरातून येताना किती रेंगाळतात त्यावरून काढलेली. सूर्याकडून येणारा कणांचा झोत आदळला की चुंबकत्व संथ हेलकावे खातं आणि वरचे इलेक्ट्रॉनही त्याच तालावर कमीजास्त होतात. यात नवल काहीच नाही, धाकटीची सारी नोकरी हेच बघण्यात गेली होती. पण हे हेलकावे रोज दुपारी यायचे, सूर्य अगदी शांत असताना. एक लांब, एक आखूड. पुन्हा एक लांब, एक आखूड. दोन्ही रेघा बरोबरीने लंगडायच्या. शेजारच्या कुठल्याच वेधशाळेत त्यांचा मागमूस नव्हता.

ती चाल धाकटीने ओळखली होती. बोलली मात्र कुणाकडेच नाही.

मग मुख्य कार्यालयातून साहेब आले. त्यांचं मत ठरलेलं होतं. कुणीतरी लोखंड घेऊन खोलीजवळ फिरतंय, तेव्हा दुपारच्या सगळ्या नोंदी सदोष म्हणून खोडा आणि सही करा. नाहीतर वेधशाळेलाच टाळं लागेल.

"लोखंडाने खालची रेघ हलेल, साहेब," धाकटी म्हणाली. "आभाळ कसं हलेल?"

"बाई, हट्ट सोडा. नोकरीही जाईल, वेधशाळाही जाईल."

"जाऊ दे. दिसलेलं मी खोडणार नाही. दुपारी माझ्याबरोबर आत बसा आणि मग काय टाळं लावायचं ते लावा."

तिला भीती वाटत नव्हती, संताप येत होता. दादाचं चालणं सदोष ठरवायला हे निघाले होते.

जेवणं उरकल्यावर दोघांनी ट्रेमध्ये सगळं काढून ठेवलं. साहेबांनी चष्मासुद्धा ठेवला. आत लाकडाचा आणि जुन्या रंगाचा वास होता. दोन स्टुलांवर ते दोघं बसले, तिसरं कोपऱ्यात रिकामं होतं. समोरच्या पट्टीवर यंत्राच्या आरशावरून पडलेला उजेडाचा ठिपका स्थिर होता; चुंबकत्व हललं की तो सरकायचा.

बऱ्याच वेळाने तो सरकला.

सावकाश डावीकडे, लांबवर. मग उजवीकडे, थोडासा. साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आवारात चिटपाखरू नव्हतं.

ठिपका दर खेपेला आणखी लांब जाऊ लागला. येणारं जवळ येत होतं.

मग तो पट्टीच्या मधोमध थांबला.

बाहेर ट्रेमध्ये काहीतरी खणकलं.

दार उघडलं आणि लागलं. फळ्या वाजल्या. सारख्या अंतराने, जराही न लंगडता. कोपऱ्यातलं स्टूल करकरलं.

ठिपका तसूभरही हलला नाही.

साहेब धडपडत बाहेर पडले. धाकटी मागोमाग आली आणि तिने दार हलकेच ओढून घेतलं. ट्रेमध्ये किल्ल्या, घड्याळ, पिना, चष्मा, सगळं जसंच्या तसं होतं. त्यांच्यावर आडवी एक पोलादी सळई पडली होती. चार स्क्रू. खालचा वाकडा.

"आता सांगा, साहेब," ती म्हणाली. "यातलं काय खोडू?"

 साहेबांनी हात सळईकडे नेला. धाकटीने तो मनगटाशी धरला.

"ती तिथेच राहू दे," ती म्हणाली. "बाहेर येताना लागेल त्याला."