चिकावरचा आळ

दुसऱ्या बायोप्सीचा अहवालही हात हलवत आला. साधी सूज, निदान नाही. डॉ. नम्रता शेट्ये यांनी तो मिटला, तसा समोरचा काशीराम उठलाच.

"पुरे झालं मॅडम. आता घरी मरू दे मला."

अंगावर खाजरे, लाल चट्टे उठून दोन वर्षं झाली होती. मालगुंडच्या आंबा कलमांत राबणारा माणूस. गावाने परस्पर ठरवून टाकलं, आंब्याचा चीक अंगावर उठला. पुढे कुजबुज झाली, महारोग. तपासणीत तो नाही निघाला, पण कुजबुज ऐकते कुणाचं? काशीराम पडवीत एकटा निजू लागला, ताटही वेगळं. त्याची बायको तुळसा झिजून अर्धी झाली होती. तरी दवाखान्यात येताना त्याला धुतलेला सदरा घालून, भांग पाडून आणायची.

नम्रता हट्टी बाई. "बसा. आंबे उतरवताना अंगावर काय असतं?"

"आखूड चड्डी. बाकी उघडाच."

"चीक कुठे उडतो?"

"तोंडावर, हातांवर."

तिथली कातडी स्वच्छ होती. चट्टे होते ते चड्डीच्या आत, कमरेला आणि मांड्यांवर.

"पावसाळ्यात, आंबे संपल्यावर चट्टे जातात?"

"नाय. वाढतातच."

चीक निर्दोष ठरला. मग खरा गुन्हेगार दोनदा निसटला कसा?

"आज फिके दिसताहेत," ती पुटपुटली.

तुळसा पुढे सरली. "डॉक्टरांपुढे असं घाणेरडं अंग कसं दाखवायचं? यायच्या आधी आठवडाभर मी रोज मलम चोळते. मेडिकलवाल्यानं दिलंन."

पिशवीतून ट्यूब निघाली. जालीम स्टेरॉइड. नम्रताला रडावंसं वाटलं.

"हे बंद. महिन्याने पुन्हा तपासणीला कातडीचा तुकडा काढू."

तो महिना काशीरामने रात्र रात्र खाजवून, रक्तबंबाळ होऊन काढला. तिसरा तुकडा मात्र बोलला.

"त्वचेचा लिम्फोमा," नम्रताने दोघांना समोर बसवून सांगितलं. "दुर्मिळ कर्करोग. रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच बिघडतात आणि कातडीत ठाण मांडतात. बहुतेकदा ऊन न लागणाऱ्या जागी, म्हणून चड्डीच्या आत. दिसतो साध्या खरजेसारखा. मलमाने त्या पेशी पांगायच्या, तुकड्यात सापडायच्या नाहीत."

"म्हंजे मीच लपवला त्याला," तुळसा म्हणाली.

"नकळत. पण अजून तो कातडीतच आहे. किरणांचे उपचार करू. पाळत मात्र जन्मभर."

काशीरामने जगण्या-मरण्याचं काहीच विचारलं नाही.

"दुसऱ्याला लागता काय हा?"

"नाही. कधीच नाही."

त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तुळसा, आज माझं अंथरूण आत घाल."